हँडहेल्डवरचे पझल गेम: फुकटचे बरे की विकतचे, हे सात दिवसांत कसं ठरवायचं

दहा चौकटींची एक आडवी ओळ घ्या आणि तिच्या डावीकडे ८ लिहिलंय असं समजा. पिक्रॉस (आकड्यांवरून चौकटी भरत चित्र काढायचं कोडं) खेळणाऱ्यांना लगेच कळेल, बाकीच्यांसाठी सांगते: त्या ओळीत सलग आठ चौकटी काळ्या करायच्यात, पण कुठून सुरू करायचं ते सांगितलेलं नाही. आठचा गट पूर्ण डावीकडे सरकवला तर १ ते ८ भरतात, पूर्ण उजवीकडे सरकवला तर ३ ते १०, म्हणजे काहीही झालं तरी ३ ते ८ या सहा चौकटी काळ्या असणारच. त्या सहा बिनधास्त भरायच्या आणि उरलेल्या चारसाठी उभ्या ओळींचे आकडे बघायचे. हे जे "अरे हो, हे तर नक्कीच!" असं डोक्यात होतं ना, त्याच्यासाठीच आपण पझल गेम खेळतो.

आता हीच ओळ दोन गेममध्ये बघा, आणि दोन्ही एकाच कंपनीचे, ज्युपिटरचे, जी १९९५ च्या गेम बॉयवरच्या मारिओज पिक्रॉसपासून हेच काम करतेय. निन्टेन्डो ३डीएसवर (हा एक हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचा कन्सोल) त्यांची पिक्रॉस ई नावाची मालिका होती, विकतची, एकदा पैसे दिले की संपलं. मग डिसेंबर २०१५ मध्ये त्याच ३डीएसवर त्यांचाच पोकेमॉन पिक्रॉस आला, डाऊनलोड फुकट. पहिल्यात त्या सहा चौकटी म्हणजे फक्त सहा चौकटी. दुसऱ्यात प्रत्येक चौकट भरली की एनर्जीचा एक पॉईंट जातो, एनर्जी संपली की एकतर थांबा नाहीतर पिक्राईट नावाचं गेममधलं चलन खर्च करून ती भरा, आणि ते चलन थोडं थोडं खेळून मिळतं, जास्त हवं असेल तर खऱ्या पैशांनी घ्यावं लागायचं. कोडं तेच, विचार तोच, पण एकात विचार करायला कोणी अडवत नाही आणि दुसऱ्यात प्रत्येक बरोबर उत्तरालाही मीटर चालू.

म्हणून माझं म्हणणं असं की फुकट आणि विकत यांची तुलना पैशाने सुरू करूच नका. तुलना एका प्रश्नावर करा: मी अडकले तर हा गेम मला काय करायला लावतो? विचार करायला लावतो, थांबायला लावतो, की खिशात हात घालायला लावतो? अवघड असणं वेगळं आणि अडवणूक वेगळी, आणि हे दोन ओळखायला शिकलं की निर्णय बराचसा आपोआप होतो. त्यासाठी मी जे करते ते खाली क्रमाने लिहिलंय. एक साधी वही किंवा फोनमधलं नोट्स एवढंच लागेल.

पहिली पायरी: "फुकट" म्हणजे नक्की कसलं फुकट ते बघा

एकाच "फ्री" शब्दाखाली कमीत कमी चार वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्या एकाच पारड्यात टाकतात.

एक म्हणजे डेमो. सुरुवातीच्या काही लेव्हल फुकट, पुढचं हवं तर विकत घ्या. हे सगळ्यात सरळ, यात फसण्यासारखं काही नाही.

दुसरा प्रकार म्हणजे डाऊनलोड फुकट पण आत लेव्हलचे पॅक विकत. ३डीएसवर २०१५ मध्ये आलेला स्ट्रेचमो (युरोपात त्याचं नाव फुलब्लॉक्स) असा होता, थोडं फुकट खेळा, आवडलं तर हवा तो पॅक घ्या. हे मला वैयक्तिक फार आवडतं, कारण पॅक घेतल्यावर तो तुमचा, मग गेम परत परत हात पसरत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे खरा फ्री-टू-प्ले, ज्यात संपत राहणारी वस्तू विकतात: हार्ट, एनर्जी, जेम, जास्तीच्या मूव्ह (चाली), बूस्टर (लेव्हल सोपी करणारी मदत). पोकेमॉन शफल (सारख्या सोंगट्या जुळवायचा गेम) यातलाच, पोकेमॉन पिक्रॉसही यातलाच (मात्र त्यात एक चांगली सोय होती, एका ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे घातले की पुढे पिक्राईट फुकट मिळायचे, म्हणजे खर्च कुठेतरी थांबायचा. अशी मर्यादा एखाद्या गेमने स्वतःहून ठेवली असेल तर त्याला माझ्याकडून आधीच एक मार्क जास्त). निन्टेन्डोच्याच स्विच या कन्सोलवर जून २०२० मध्ये आलेला पोकेमॉन कॅफे मिक्स, जो २०२१ मध्ये कॅफे रीमिक्स झाला, तोही असाच फुकट सुरू होणारा.

चौथा प्रकार जरा लपलेला असतो: गेम फुकट, पण मेंबरशिप विकतची. टेट्रिस ९९ हे याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण, फेब्रुवारी २०१९ मध्ये स्विचवर आला, डाऊनलोडला पैसे नाहीत, पण खेळायला निन्टेन्डो स्विच ऑनलाईनची मेंबरशिप पाहिजे. तुमच्याकडे ती मेंबरशिप आधीच असेल तर हा गेम खरंच फुकट आणि खरंच जबरदस्त, नसेल तर तो गेम नसून वर्षाची वर्गणी आहे असं धरा. त्याच मेंबरशिपमध्ये निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या जुन्या कन्सोलचे मारिओज सुपर पिक्रॉस आणि पॅनेल दे पॉनसारखे पझल गेमही खेळता येतात, त्यामुळे हिशोब करताना ते पण धरा, बरेच लोक विसरतात.

वहीत पहिली ओळ हीच लिहायची, की हा गेम चारपैकी कुठला.

दुसरी पायरी: डाऊनलोडच्या आधी स्टोअरचं पान नीट वाचा

वरचे फोटो आणि ट्रेलर सोडून द्या, ते सगळ्यांचेच छान असतात. खाली वयाच्या रेटिंगजवळ जी बारीक अक्षरं असतात तिथे जा. अमेरिकेतली ईएसआरबी आणि युरोपातली पेगी या दोन्ही संस्थांनी २०१८ पासून "गेममध्ये खरेदी आहे" असं सांगणारं लेबल सुरू केलं, आणि २०२० मध्ये ईएसआरबीने त्यात "नशिबावर मिळणाऱ्या वस्तू धरून" असं आणखी एक वेगळं लेबल आणलं. हे दुसरं लेबल पझल गेमवर दिसलं तर मी थबकते, कारण पझलमध्ये नशीब विकत घ्यायची वेळ का यावी?

पण एक लक्षात ठेवा, पहिलं लेबल विकतच्या गेमवरही असतं. नंतर जास्तीचे लेव्हल पॅक विकत असले तरी ते लागू शकतं, त्यामुळे लेबल बघून लगेच नाक मुरडू नका, आत नक्की काय विकतायत ते बघा. यादीत "पॅक", "एक्स्पान्शन" असे शब्द असतील तर ठीक. "१०० जेम, ५५० जेम, १२०० जेम" अशा चढत्या पिशव्या असतील तर तो तिसरा प्रकार. पिशव्यांचे आकडे मुद्दाम असे ठेवतात की एका वस्तूची खरी किंमत पटकन डोक्यात येऊ नये, आणि दर वेळी थोडे जेम उरावेत, म्हणजे पुढची पिशवी घ्यावीशी वाटते.

स्टीम डेक (स्टीम या ऑनलाईन दुकानाचा हँडहेल्ड) असेल तर स्टोअरच्या पानावर ही माहिती उजवीकडच्या यादीत असते, आणि तिथे खाली लोकांचे रिव्ह्यू, त्यात किती तास खेळून लिहिलंय ते पण दिसतं. दोन तास खेळून "वा वा" लिहिणाऱ्यापेक्षा साठ तास खेळून वैतागलेल्या माणसाचं जास्त ऐका, फ्री-टू-प्लेमध्ये गोड भाग सुरुवातीलाच असतो.

तिसरी पायरी: एअरप्लेन मोड

ही सगळ्यात छोटी टेस्ट आहे. गेम डाऊनलोड झाला, एकदा नेटवर सुरू करून झाला, की बंद करा, कन्सोल एअरप्लेन मोडवर टाका आणि परत उघडा. चालला तर उत्तम. "कनेक्शन नाही" म्हणून पहिल्याच पडद्यावर अडला, तर वहीत ठळक लिहा, कारण हँडहेल्ड आपण घेतलाच मुळात प्रवासात, रांगेत, रेंज नसलेल्या ठिकाणी खेळायला. बहुतेक विकतचे पझल गेम एकट्याने खेळताना नेट मागत नाहीत. आणि याच वेळी लेव्हलच्या अध्येमध्ये कन्सोल स्लीपला टाकून अर्ध्या तासाने उठवून बघा, डाव जिथे होता तिथेच आहे का. नेटवर चालणारे काही गेम स्लीपमधून उठल्यावर कनेक्शन तुटलं म्हणून थेट टायटलवर आणून सोडतात आणि चालू डाव जातो, वर हार्ट पण जातं.

चौथी पायरी: सात दिवसांची वही

इथे मात्र घाई करू नका, सगळी गंमत इथेच आहे. फुकटच्या गेमचा पहिला दिवस हा मुद्दाम बनवलेला असतो, हार्ट भरलेली, बक्षिसांचा पाऊस, लेव्हल सोप्या. पहिल्या दिवसावरून मत बनवणं म्हणजे लग्नातल्या पंगतीवरून रोजच्या जेवणाचा अंदाज बांधणं. म्हणून सात दिवस.

रोज चार गोष्टी लिहायच्या: किती वेळा गेम उघडला, त्यातली प्रत्यक्ष खेळलेली मिनिटं किती, किती वेळा "थांबा किंवा पैसे द्या" असा पडदा आला, आणि आजचं सगळ्यात छान सुटलेलं कोडं कुठलं. चौथी गोष्ट लोक सोडून देतात पण मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. चौथ्या-पाचव्या दिवशी तो रकाना रिकामा राहायला लागला आणि उघडायची संख्या मात्र वाढत चालली, तर समजा की तुम्ही कोडं सोडवायला नाही तर हार्ट वाया जाऊ नयेत म्हणून गेम उघडताय.

हे असं का होतं ते पोकेमॉन शफलच्या गणिताने दाखवते. फेब्रुवारी २०१५ मध्ये ३डीएसवर आला. पाच हार्ट, प्रत्येक डावाला एक, आणि एक हार्ट परत यायला ३० मिनिटं. एक डाव दोन-तीन मिनिटांचा धरला तर पाच हार्ट दहा-पंधरा मिनिटांत संपतात आणि पाचही भरायला अडीच तास लागतात. २४ तासांत ४८ हार्ट होतात, बरोबर? पण पाच भरली की मीटर थांबतो! म्हणजे सकाळी एकदा आणि रात्री एकदा उघडणाऱ्याला दिवसाला दहाच डाव मिळतात, आणि ४८ च्या जवळ जायचं तर दर अडीच तासांनी, रात्रीसुद्धा, कन्सोल हातात घ्यावा लागेल. गेम वेळ मर्यादित ठेवतोय असं वाटतं पण खरं तर तो तुम्हाला दिवसभर परत परत यायची सवय लावतोय. काही लोकांना हे खरंच सोयीचं पडतं, दहा मिनिटं खेळले आणि गेमनेच उठवलं, आणि मी ते नाकारणार नाही. फक्त ते तुम्ही ठरवलंय की मीटरने, एवढं वहीतून कळलं पाहिजे.

मिनिटं मोजायला आठवण पुरत नाही. स्टीम डेकवर तास दिसतातच. ३डीएसमध्ये ॲक्टिव्हिटी लॉग आहे, स्विचवर प्रोफाईलमध्ये नवीन गेमचे पहिले दहा दिवस नुसतं "अमुक दिवसांपूर्वी पहिल्यांदा खेळला" एवढंच दाखवतं, त्यामुळे सात दिवसांच्या टेस्टला त्याचा उपयोग नाही. त्याला युक्ती अशी, निन्टेन्डोचं पॅरेंटल कंट्रोलचं ॲप फोनवर घ्या आणि ते स्वतःवरच लावा, त्यात कुठल्या दिवशी कुठला गेम किती वेळ ते नीट दिसतं. मुलांसाठीचं ॲप आहे खरं, पण मोठ्यांना पण तितकंच उपयोगी.

एक दिवस स्टॉपवॉच घेऊन बसा. बरोबर दहा मिनिटं खेळायचं, पण स्टॉपवॉच फक्त तेव्हाच चालू ठेवायचं जेव्हा तुम्ही कोड्याकडे बघून विचार करताय. लोडिंग, रोजचं बक्षीस, पॉपअप, इव्हेंटची जाहिरात, पेटी उघडायचं ॲनिमेशन आलं की बंद. मी एका फुकटच्या गेमवर हे केलं तेव्हा दहातली जेमतेम सहा मिनिटं निघाली, आणि त्याच संध्याकाळी एका विकतच्या गेमवर केलं तर साडेनऊ. हे समोर लिहिलेलं बघितलं आणि मला आधीचे कितीतरी तास वेगळेच दिसायला लागले. "फुकट गेममध्ये दोनशे तास मिळाले" असं कोणी म्हणालं की मी आता विचारते, त्यात कोड्याचे किती?

पाचवी पायरी: भिंत शोधा

सात दिवसांत कधीतरी तुम्ही एका लेव्हलला अडकणार. अडकलात की खूश व्हा, टेस्ट आता खरी सुरू झाली. त्याच लेव्हलला एकही बूस्टर न वापरता पाच वेळा खेळा आणि दर वेळी किती कमी पडलं ते लिहा. तीन मूव्ह, एक मूव्ह, एकदा चारशे पॉईंट, जे असेल ते.

आता ते पाच आकडे बघा. तुम्ही काहीतरी शिकत गेलात तसतसं अंतर कमी होत गेलं तर ती लेव्हल अवघड आहे, आणि अवघड ही शिवी नाही. पण डोकं लावून खेळलं तरी आणि डोळे झाकून खेळलं तरी आकडे वर-खाली कसेही उड्या मारतायत, तर तिथे निकाल वरून पडणाऱ्या सोंगट्या ठरवतायत, तुम्ही नाही. मॅच-थ्री (तीन सारख्या सोंगट्या जुळवायच्या) प्रकारात हे फार होतं, कारण वरून काय पडणार ते कोणालाच माहीत नसतं, त्यामुळे ही लेव्हल बूस्टरशिवाय सुटते का हे सिद्धही करता येत नाही. पिक्रॉस, सोकोबानसारखे ब्लॉक ढकलण्याचे गेम यांत तसं नसतं, तिथे उत्तर समोरच असतं.

शफलमध्ये आणखी एक थर होता. समोरच्या पोकेमॉनला हरवलं, म्हणजे कोडं तुम्ही सोडवलंत, तरी तो पकडला जाईल याची टक्केवारी येते, उरलेल्या मूव्हवर ती थोडी वाढते, बॉल फेकला आणि निसटला तर ग्रेट बॉल घेऊन शक्यता दुप्पट करता येते, त्याला कॉईन लागतात, आणि कॉईन मिळवायला परत हार्ट लागतात. सगळं बरोबर करूनही हात रिकामा, आणि पुढचा प्रयत्न म्हणजे आणखी एक हार्ट. कोडी आवडणाऱ्या माणसाला हे किती लागतं ते खेळलेल्यालाच कळेल.

शफल बनवणाऱ्याच कंपनीने, जीनियस सोनोरिटीने, त्याच्या साधारण वर्षभर आधी मार्च २०१४ मध्ये ३डीएसवरच पोकेमॉन बॅटल ट्रोझेई (युरोपात लिंक: बॅटल) नावाचा विकतचा मॅचिंग गेम काढला होता. हार्ट नाहीत, जेम नाहीत, हरलात की लगेच परत. उलट्या दिशेचं उदाहरण पाहिजे असेल तर पझल अँड ड्रॅगन्स बघा, रंगीत गोळे सरकवून जुळवायचा गेम. २०१२ मध्ये फोनवर फुकट आला, स्टॅमिना (म्हणजे एनर्जी) आणि मॅजिक स्टोन (म्हणजे गेममधलं चलन) यांवर चालणारा. तोच खेळ ३डीएसवर विकतचा म्हणून आणला तेव्हा, जपानमध्ये २०१३ ला आणि बाहेर २०१५ ला मारिओच्या आवृत्तीसोबत एकाच कार्ट्रिजमध्ये, तेव्हा पैसे देऊन स्टोन घेण्याची भानगडच काढून टाकली. म्हणजे गोळे सरकवण्याच्या त्या सुंदर कल्पनेला मीटरची गरज कधीच नव्हती, मीटर फक्त विकायच्या पद्धतीला लागत होता. अशा जोड्या मिळाल्या तर त्या मुद्दाम शेजारी ठेवून खेळा, लेख वाचून कळत नाही इतकं एका संध्याकाळीत कळतं.

सहावी पायरी: विकतच्या गेमलाही हाच चाप लावा

विकतचा आहे म्हणून तो चांगला, असं अजिबात नाही. स्टोअरमध्ये घाईघाईत बनवलेल्या, एकच कल्पना शंभर लेव्हलला ताणलेल्या गेमचा ढीग पडलाय, आणि त्यातले बरेच कायम "नव्वद टक्के सूट" लावून बसलेले असतात. कायम सूट असलेल्या गेमची मूळ किंमत विसरून जा, ती कोणी दिलेलीच नसते.

विकतचा घेताना मी आधी डेमो बघते. डेमो असेल तर शेवटची फुकट लेव्हल पहिल्यापेक्षा वेगळा विचार करायला लावते का ते बघायचं, नुसती मोठी झाली असेल तर पुढेही नुसती मोठीच होत जाणार. डेमो नसेल तर परताव्याचा नियम बघा. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मागता येतात, पझलसाठी दोन तास भरपूर झाले. निन्टेन्डोच्या ईशॉपवर, म्हणजे त्यांच्या ऑनलाईन दुकानात, डिजिटल खरेदी सहसा परत होत नाही, त्यामुळे तिथे डेमोशिवाय घेताना दहा वेळा विचार करा, किंवा कार्ट्रिजवर मिळत असेल तर कार्ट्रिज घ्या, निदान पुढे कोणाला देता तरी येईल.

मग किमतीचा हिशोब. लोक तासाला किती पडलं ते काढतात, पण पझलमध्ये तास फसवतात. बाबा इज यू या २०१९ च्या गेममध्ये दोनशेहून जास्त लेव्हल आहेत, त्यात एखादी लेव्हल पाच मिनिटांत सुटते आणि एखादी पूर्ण आठवडा डोक्यात राहते, अंघोळ करताना सुटते, मग ते तास कुठे धरायचे? मी किमतीला कोड्यांच्या संख्येने भागते. २०१७ च्या पिक्रॉस एस मध्ये ३०० कोडी आहेत, त्यामुळे भागाकार केला की एका कोड्याला इतकं कमी पडतं की बोलायलाच नको. हाच भागाकार फुकटच्या गेमला लावताना वर अंश म्हणून सात दिवसांत खर्च केलेले पैसे, आणि काहीच खर्च नसेल तर "थांबा" म्हणालेली मिनिटं लिहा. शून्य भागिले काहीही म्हणजे शून्यच, हे गणित बरोबर आहे पण वेळ आपला होता हे त्यात येत नाही.

विकतच्या गेममध्ये अडकलात तर काय होतं ते पण वहीत लिहा. चांगला गेम दुसरी लेव्हल उघडी ठेवतो, हिंट देतो, एक पाऊल मागे जायचं बटण देतो. वाईट गेम तिथेच सोडून देतो. पैसे मागत नाही म्हणून अडवणूक होत नाही असं नाही.

सातवी पायरी: दुकान बंद झालं तर?

हे आपण घेताना कधीच बघत नाही. फोनवरचा डॉक्टर मारिओ वर्ल्ड जुलै २०१९ मध्ये आला आणि १ नोव्हेंबर २०२१ ला बंद झाला, सव्वादोन वर्षांत विषय संपला, लेव्हल गेल्या, घेतलेलं सगळं गेलं. सर्व्हरवर जगणाऱ्या कुठल्याही गेमचं हे होऊ शकतं. ३डीएसच्या ईशॉपवर २७ मार्च २०२३ नंतर काही विकत घेता येत नाही, आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याची ऑनलाईन सेवाही थांबली, पण ज्यांच्याकडे पिक्रॉस ई डाऊनलोड केलेला होता त्यांचा तो आजही तसाच चालतो. आणि १९८९ च्या गेम बॉयचं टेट्रिसचं कार्ट्रिज आजही घाला आणि सुरू करा. म्हणून एअरप्लेन मोडच्या टेस्टचा निकाल इथे परत बघा. तिथे न चाललेल्या गेमवर पैसे घालायचे असतील तर सिनेमाचं तिकीट समजून घाला, पुस्तक समजून नको.

सेव्हचं पण बघून घ्या. स्विचवर क्लाऊड सेव्हला (खेळलेलं नेटवर साठवायला) मेंबरशिप लागते, ती नसेल तर सेव्ह फक्त कन्सोलमध्ये असतो, कन्सोल गेला की तीनशे कोड्यांची मेहनत पण गेली.

मुलांच्या हातात असेल तर

थोडक्यात सांगते. मुलाचं अकाऊंट वेगळं काढा, मोठ्यांच्या अकाऊंटवर खेळू देऊ नका, फॅमिली ग्रुपमध्ये घालून त्याची ईशॉपवरची खरेदी बंद करा, आणि तुमच्या अकाऊंटवर कार्ड सेव्ह असेल तर खरेदीच्या वेळी पासवर्ड विचारेल असं करा. लहान मुलाला जेम आणि पैसे हा संबंध कळत नाही, आणि त्याला ओरडून काही उपयोग नाही, तो संबंध कळू नये अशीच ती रचना केलेली असते. मुलांसाठी मी सरळ विकतचा घ्या म्हणते, चर्चाच नको. आणि तो अडकला की शेजारी बसा. "तुला काय वाटतं, आठ चौकटी इथे मावतील का?" असं विचारल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

मग ठरवायचं कसं

आठव्या दिवशी वही उघडा. चौथा रकाना, छान सुटलेल्या कोड्यांचा, भरलेला आहे आणि "थांबा" चे पडदे तुम्हाला टोचले नाहीत, तर फुकटचा गेम ठेवा, मजेत खेळा, त्यात कमीपणा काही नाही. शफलचे सकाळ-संध्याकाळ दहा डाव वर्षानुवर्षे एक पैसा न घालता आनंदाने खेळलेले लोक आहेत. टेट्रिस ९९ तर मेंबरशिप असलेल्या प्रत्येकाने खेळावाच.

"थांबा" चे पडदे दिवसाला पाच-सहाच्या वर गेले आणि तुम्ही एकदा जरी पैसे देण्याच्या पडद्यापर्यंत पोचलात, तर ते पैसे त्या गेममध्ये घालू नका, तेवढेच पैसे बाजूला ठेवा आणि त्याच प्रकारचा विकतचा गेम शोधा. मॅच-थ्री आवडत असेल तर मॅचिंगचा, चौकटी आवडत असतील तर पिक्रॉसचा, ढकलाढकली आवडत असेल तर त्यातला. बहुतेक वेळा जेमच्या दोन-तीन पिशव्यांत एक पूर्ण गेम येतो.

आणि आधीच पैसे घालून बसला असाल तर? मी बसले होते. रात्री दोन वाजता, एका लेव्हलला फक्त एक मूव्ह कमी पडली आणि पाच मूव्हसाठी मी जेमची पिशवी घेतली, लेव्हल सुटली, आणि अजिबात आनंद झाला नाही, उलट कोणीतरी माझ्या हातातलं कोडं काढून घेऊन स्वतःच सोडवून दिल्यासारखं झालं. गेमचं नाव महत्त्वाचं नाही. तेव्हा मी जे केलं ते करा: आधी अकाऊंटवरून सेव्ह केलेलं कार्ड काढून टाका, नंतर नको, आधी. मग उरलेले जेम "एवढे पैसे गेलेत, वाया कसे घालवू" म्हणून जपत बसू नका, एका बैठकीत सगळे वापरून टाका, हवी तेवढी हार्ट भरा, मनसोक्त खेळा. जेम शून्य झाले की गेम अजून उघडावासा वाटतो का ते दोन दिवस बघा. माझ्याकडे तिसऱ्या दिवशी त्या गेमच्या जागी पिक्रॉस होता, दहा बाय दहाचा, आणि पहिल्याच ओळीला ८ लिहिलं होतं.